खुलासा: एएनए पॉझिटिव्ह म्हणजे स्क्लेरोडर्माच, असं नाही

‘एएनए पॉझिटिव्ह आली की स्क्लेरोडर्माच’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. एएनए ही शरीराच्या स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी; स्क्लेरोडर्मा हा कातडी आणि आतले अवयव ताठरवणारा आजार. १:८० टायटर (रक्त किती पट पातळ केलं तरी अँटिबॉडी दिसते, तो आकडा) धडधाकट माणसांतही सापडतो. निदान आधी बोटं बघून होतं: थंडीत पांढरी-निळी पडणं, कातडी सुजून ताठरणं.

स्क्लेरोडर्मा असेल तर अँटिबॉडी कुठली, यावर नजर कुठे ठेवायची ते ठरतं. एससीएल-७० ही अँटिबॉडी असेल तर फुप्फुसं; एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन), पीएफटी (फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) सुरुवातीलाच. (ब्लॉट या अँटिबॉडी ओळखण्याच्या तपासणीतली एकटी पुसट पट्टी मात्र बऱ्याचदा फसवी.) सेंट्रोमिअर असेल तर दरवर्षी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), कारण फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब कित्येक वर्षांनंतरही वाढू शकतो. आरएनए पॉलिमरेज-३ असेल तर घरी नियमित बीपी मोजा, कारण किडनीवर अचानक संकट आलं की बीपी एकदम चढतं. रोज १५ मिग्रॅपेक्षा जास्त प्रेडनिसोलोनने (स्टेरॉइड) या संकटाचा धोका वाढतो.

टायटर उतरला म्हणजे आजार उतरला, असंही नाही. दर तीन महिन्यांनी एएनए करणं म्हणजे पैसे वाया.