‘मुरलेल्या ऑपरेटरला गार्ड कशाला?’ या मेसेजला उत्तर

वर्कशॉपच्या ग्रुपवर गार्डबद्दल, म्हणजे मशीनच्या हलत्या भागांवरच्या संरक्षक आवरणाबद्दल, एक मेसेज सतत फिरत असतो: ‘गार्ड नवशिक्यांसाठी. हात बसलेल्या ऑपरेटरला त्याची अडचणच होते, उत्पादन घटतं. लाल बटण हाताशी ठेवा, चांगले हातमोजे घाला, फार तर सेन्सर बसवा. एवढं पुरे.’ यातलं उत्पादनाचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांवर विश्वास ठेवला तर बोटं जातील.

‘हात बसलेल्याला गार्ड नको.’ 50 मिमी व्यासाचा शाफ्ट, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, मिनिटाला 1440 फेरे घेतोय आणि सैल बाही त्यात अडकली, असं धरा. धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. तेवढ्यात शाफ्टचे सहा फेरे होतात, जवळपास 94 सेंमी कापड गुंडाळलं जातं. म्हणजे अख्खी बाही, आणि तिच्यासोबत हातही. हा पाव सेकंद वीस वर्षांच्या अनुभवाने नाहीसा होत नाही. जॉब (ज्यावर काम चालू आहे तो तुकडा) निसटला की झेलायला हात आपसूक पुढे जातो, तेही जुन्या माणसाला चुकत नाही. शिवाय शेजारून जाणाऱ्या हेल्परने ते मशीन कधी चालवलेलंही नसतं.

‘लाल बटण आहेच.’ एक हात रोलरमध्ये ओढला गेला की दुसरा बटणापर्यंत पोचेलच असं नाही. पोचला तरी बटण दाबलं जातं ते हात अडकल्यावर. हा इमर्जन्सी स्टॉप गार्डच्या जोडीला असतो, गार्डच्या बदल्यात नाही.

‘हातमोजे घाला.’ धारदार पत्रा उचलताना जरूर घाला. ड्रिल किंवा लेथच्या फिरत्या भागाजवळ मात्र काढून ठेवा. मोज्याचं टोक गुंतलं तर सगळा हात ओढला जातो.

‘सेन्सर बसवला की झालं.’ इथे सगळ्यात जास्त फसगत होते. प्रेसवर बसवतात तो सेन्सर म्हणजे लाइट कर्टन, प्रकाशकिरणांचा पडदा. तो हात अडवत नाही, किरण तुटले की मशीनला फक्त थांबायला सांगतो. म्हणून तो किती अंतरावर बसवायचा याचा हिशोब लागतो. हाताचा वेग सेकंदाला 2000 मिमी धरतात. सेन्सरच्या प्रतिसादापासून रॅम (प्रेसचा खाली येणारा भाग) पूर्ण थांबेपर्यंत 0.15 सेकंद लागत असतील, तर 300 मिमी झाले. कर्टनची क्षमता 30 मिमीची असेल, म्हणजे त्याहून बारीक वस्तू त्याला हमखास कळत नसेल, तर बोटं किरणांमधून थोडी आत गेल्यावरच हात पकडला जातो. त्यासाठी ठरलेल्या सूत्राने 8 × (30 − 14), म्हणजे 128 मिमी आणखी. एकूण 428 मिमी. जागा नाही म्हणून तोच कर्टन डायपासून (रॅम ज्या साच्यावर दाबतो त्यापासून) 150 मिमीवर बसवला, तर दिवा लागेल, रॅम थांबेल, पण हात आधीच डायमध्ये असेल. ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो, म्हणून तो ठरावीक काळाने मोजावा लागतो. आणि ज्या जुन्या पॉवर प्रेसचा क्लच एकदा गुंतला की पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही, तिच्यावर कर्टन निरुपयोगीच. तिथे डायभोवती बंदिस्त गार्डच हवा.

‘उत्पादन घटतं.’ वाईट गार्डने घटतं, हे मान्य. आतलं दिसत नाही, ग्रीस द्यायला दर वेळी आठ बोल्ट काढावे लागतात, चिप (धातूचा कीस) साचते. मग कोणीतरी गार्ड कोपऱ्यात ठेवून देतं आणि तो परत लागत नाही. अशा वेळी दोष शोधून तो बदलावा. पत्र्याऐवजी पॉलिकार्बोनेटची खिडकी द्या. ग्रीस निपल नळीने गार्डच्या बाहेर आणा. वारंवार उघडावा लागणारा भाग बिजागरीवर घेऊन इंटरलॉक, म्हणजे गार्ड उघडताच मशीन बंद करणारा स्विच, लावा. जाळी वापरत असाल तर भोकाच्या मापावर अंतर ठरतं: 10 मिमी चौकोनी भोक असेल तर जाळी धोक्याच्या जागेपासून किमान 25 मिमी, 20 मिमी असेल तर किमान 120 मिमी दूर हवी. बंद केल्यावरही फ्लायव्हील (मशीनचं जड चाक) फिरत राहत असेल, तर ते थांबेपर्यंत न उघडणारा, कुलूपवाला इंटरलॉक घ्या.

इंटरलॉकला चुंबक चिकटवून किंवा सुटी चावी खोचून गंडवणं सर्रास चालतं. म्हणून शिफ्ट सुरू होताना, हात बाहेर ठेवून, तीन गोष्टी तपासा. गार्ड उघडला की मशीन थांबलं पाहिजे. उघड्या गार्डवर स्टार्ट दाबून सुरू होता कामा नये. गार्ड लावल्यावर आपोआप चालू न होता स्टार्ट दाबल्यावरच चालू झालं पाहिजे. यातलं एकही चुकलं तर मेन स्विच बंद करून कुलूप आणि टॅग लावा. दुरुस्ती होईपर्यंत ते मशीन बंद.