आधी त्या पोराचा करार बघा

कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतात, कारेरा सेप्तिमा नावाचा जुना रस्ता आहे. माझं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर. त्या रस्त्यावर एका इमारतीच्या भिंतीवर फलक लावलेले आहेत. ९ एप्रिल १९४८ च्या दुपारी होर्हे एलिएसेर गाइतान या लोकनेत्याला इथे गोळ्या घातल्या, असं ते सांगतात. त्या दिवशी शहर पेटलं, ट्राम जळाल्या, बाजारपेठ लुटली गेली, कितीतरी माणसं मेली. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांत, १५ ऑगस्ट १९४८ ला, कोलंबियाची पहिली व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली. आपल्याकडे त्या दिवशी स्वातंत्र्याला एक वर्ष पूर्ण होत होतं.

हे आठवायला कारण कोल्हापूरचा आमचा घरचा ग्रुप. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग या आपल्या फुटबॉल लीगचा पुढचा हंगाम थांबवल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून तिथे दुसरा विषय नाही. भारताचा फुटबॉल महासंघ आणि ही लीग चालवणारी कंपनी यांचा करार त्या डिसेंबरात संपणार होता, नवा करायचा तर महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. काका म्हणतात, लीग महासंघानेच चालवावी. धाकटा भाऊ म्हणतो, कंपनीशिवाय पैसा येणार कुठून? दादा म्हणतो, असली लीग गेली खड्ड्यात, आपली पेठ आणि आपली तालीम बास आहे. तिघांनाही कळकळ आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल मॅचला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेली मीही त्याच घरची. पण लीग कुणाची, यावर तिघं रात्र रात्र लिहितात आणि खेळाडूला पगार कोण देणार, हे एकही विचारत नाही.

कोलंबियात १९४८ च्या त्या पहिल्या हंगामात दहा संघ होते. क्लबांनी एकत्र येऊन जूनमध्ये ‘दिमायोर’ नावाची संघटना काढली होती आणि देशाच्या अधिकृत महासंघाशी तिचं लवकरच फाटलं. पहिला सामना मेदेयीनजवळच्या इतागुईत, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर झाला. एकट्या मानिसालेस शहराचे दोन संघ होते आणि विद्यापीठाचाही एक होता. विजेता ठरला बोगोताचा सांता फे, विद्यार्थ्यांनी १९४१ मध्ये काढलेला क्लब. सर्वाधिक ३१ गोल मात्र बोगोताच्याच दुसऱ्या क्लबच्या, मियोनारिओसच्या आल्फ्रेदो कास्तियोने केले. माझ्या शेजारच्या आजोबांना हे आकडे आजही तोंडपाठ आहेत. जळक्या शहरातली माणसं रविवारी एल कँपीन स्टेडियमला जायची, एवढंच सांगून ते गप्प होतात.

खरी गोष्ट पुढे घडली, आणि तिचं मूळ अर्जेंटिनात होतं. तिथल्या खेळाडूंनी १९४८ च्या अखेरीस संप केला. आमची संघटना माना, किमान वेतन ठरवा, करार संपल्यावर आम्हाला मोकळं करा, असं त्यांचं म्हणणं होतं. क्लबांनी हौशी पोरं उतरवून हंगाम उरकला. मग १९४९ मध्ये मियोनारिओसने अर्जेंटिनाहून आधी आदोल्फो पेदेर्नेराला आणलं, आणि त्याच्या मागोमाग नेस्तोर रोस्सी आणि आल्फ्रेदो दि स्टेफानो आले. दिमायोर फिफाच्या बाहेर होती, त्यामुळे जुन्या क्लबांना एक पैसाही देण्याची गरज नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडहून नील फ्रँकलिन आणि चार्ली मिटन सांता फेकडे आले, कारण इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. या काळाला इथे दंतकथेतल्या सोन्याच्या नगरीवरून ‘एल दोरादो’ म्हणतात.

काकांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, ही तर चोरीच. क्लबांपुरतं पाहिलं तर त्यांचं खरं आहे. ज्यांनी पोराला घडवलं त्यांच्या हाती काही लागलं नाही. पण ज्या माणसाचा करार संपल्यावरही तो क्लबच्याच मालकीचा राहतो, त्याची चोरी आधीच झालेली असते, असं मला मनापासून वाटतं. आपल्या तालमींनी बाहेरचे खेळाडू आणले की पेठेत जी कुरकुर होते, तीही मला म्हणून पटत नाही. पोर जिथे मैदान आणि मोबदला मिळेल तिथे जाणार.

अर्थात इथल्या लोकांनी याची किंमतही मोजली. फिफाच्या बाहेर राहिल्याने देशाचा संघ खेळू शकला नाही, कोलंबियाला पहिला विश्वचषक १९६२ साली दिसला. १९५१ मध्ये पेरूच्या लिमात तडजोड झाली: परदेशी खेळाडूंनी ऑक्टोबर १९५४ पर्यंत खेळावं, मग जुन्या क्लबांकडे परतावं. तारीख ठरली क्लबांच्या सोयीने, खेळाडूंना कुणी विचारलं नाही. तिथेही नाही. हे वाचताना मला प्रत्येक वेळी आमचा ग्रुप आठवतो.

माझ्या मावसभावाचा मुलगा एका व्यावसायिक क्लबकडून खेळतो. हंगाम थांबल्यावर त्याचा पगार बंद झाला. क्लबने त्याला सोडलंही नाही आणि पैसेही दिले नाहीत. बावीस वर्षांचा आहे. मिडफिल्डरच्या पायात ताकद असण्याची वर्षं मोजून दहा, त्यातलं एक असं जाणार. महासंघ जिंको किंवा कंपनी, नव्या करारात खेळाडूंच्या संघटनेची सही हवी, आणि लीग थांबली तर तीन महिन्यांचा पगार आधीच बाजूला ठेवलेला हवा. इतकं लिहून घेतल्याशिवाय कुठल्याही बाजूने टाळ्या वाजवायला मी तयार नाही, हे मी काल ग्रुपवर लिहिलं.

दादाने अंगठा टाकला. काकांनी उत्तर दिलं नाही. रात्री उशिरा, म्हणजे कोल्हापुरात सकाळ झाल्यावर, पोराचा निरोप आला, “आक्का आत्या, करार इंग्रजीत चौदा पानांचा आहे. आजवर वाचला नव्हता. फोटो पाठवू का?” पाठव म्हटलं. नऊ पानं आली आहेत, उरलेल्यांची वाट बघते आहे.