योगायोगाने दिसलेलं पेनिसिलिन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पेनिसिलिनवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही सविस्तर आणि बऱ्यापैकी तिखट लिहिलंत. मुद्दे ठोस आहेत, म्हणून उत्तरही ऐसपैस देते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पेनिसिलिन ज्याला पहिल्यांदा दिसलं त्या फ्लेमिंगची मी दोन ओळींत बोळवण केली आणि हीटली नावाच्या कुणा ‘मदतनीसा’वर चार परिच्छेद खर्ची घातले. मोठी औषधं योगायोगानेच सापडतात, पुढची हमाली कुणीही करतं. आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या चाचण्या हे औषध महाग करायचं निमित्त आहे, कारण इन्सुलिन तर काही महिन्यांतच रुग्णाला टोचलं गेलं होतं.

योगायोगापासून सुरुवात करू. तिथे तर मी तुमच्याही पुढे जाईन. 1928मध्ये फ्लेमिंगच्या जिवाणू वाढवायच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जिवाणू विरघळले. ते सहजासहजी पुन्हा घडवता येत नाही. पेनिसिलिन वाढत्या जिवाणूंवर काम करतं. पूर्ण वाढलेल्या वसाहतींवर नंतर बुरशी पडली, तर त्या विरघळत नाहीत. म्हणजे आधी बुरशी वाढायला हवी आणि मग जिवाणू. जिवाणुतज्ज्ञ रोनाल्ड हेअर यांनी पुढे हवामानाच्या नोंदी तपासल्या. फ्लेमिंग सुट्टीवर गेला तेव्हा लंडनमध्ये काही दिवस गारठा होता, त्यात बुरशीला आघाडी मिळाली. मग ऊब आली आणि जिवाणू वाढले, असा त्यांचा निष्कर्ष. बशी उबवणीच्या पेटीत न जाता टेबलावरच राहिली, हाही नशिबाचाच भाग. एवढे फासे एकाच वेळी मनासारखे पडले!

पण मग? 1929मध्ये फ्लेमिंगने शोधनिबंध छापला. त्याच्या दोन सहकाऱ्यांनी, रिडली आणि क्रॅडॉक यांनी, बुरशीच्या रसातून तो पदार्थ वेगळा काढायचा प्रयत्न केला. तो हाती येईना. त्यानंतर हॅरोल्ड रेस्ट्रिक या मुरलेल्या रसायनतज्ज्ञाने हे काम हाती घेतलं. रस आम्लधर्मी केला की पेनिसिलिन ईथरमध्ये उतरतं, इथवर तो पोचला. मग ईथर उडवून द्यायचं आणि तळाशी उरेल ते गोळा करायचं, ही नेहमीची रीत. ईथर उडालं, त्याबरोबर पेनिसिलिनचा गुणही गेला. रेस्ट्रिकने नाद सोडला. निबंध छापलेला, बुरशी जिवंत, मागेल त्याला तिचा नमुना मिळत होता, तरी 1939पर्यंत या पदार्थाने कुणाचा जीव वाचवण्याइतकी मजल मारली नव्हती. सापडणं हेच खरं काम असतं, तर ही दहा वर्षं कुठे गेली?

आता तुमचा ‘मदतनीस’. नॉर्मन हीटली केंब्रिजची डॉक्टरेट घेतलेला जीवरसायनतज्ज्ञ होता. ऑक्सफर्डला पेनिसिलिनवर नव्याने काम सुरू करणाऱ्या फ्लोरी आणि चेन या शास्त्रज्ञांच्या हाताखाली होता, इतकंच. रेस्ट्रिकचं घोडं जिथे अडलं, नेमका तिथेच त्याने तोडगा सुचवला : ईथर उडवूच नका. आम्लात पेनिसिलिन ईथरकडे जातं ना, मग त्याच ईथरला किंचित अल्कधर्मी पाणी दाखवा, ते परत पाण्यात उतरेल. सुचल्यावर सोपं वाटतं. चेनलाही ते फारच सोपं वाटलं होतं आणि त्याचा आधी विश्वास बसला नव्हता. सगळं थंड ठेवून आणि झटपट उरकून हीटलीने ते करून दाखवलं. मग बाटल्या, काचेच्या नळ्या असं मिळेल ते जोडून एक यंत्र उभारलं. एका बाजूने रस आत जायचा, दुसऱ्या बाजूने पेनिसिलिनचं पाणी बाहेर यायचं. बुरशी वाढवायला भांडी अपुरी पडली तेव्हा रुग्णालयातली बेडपॅन वापरली आणि पुढे त्याच धर्तीवर चिनी मातीची शेकडो भांडी घडवून घेतली. अशा खटाटोपातून जी तपकिरी पूड निघाली, तीही बहुतांश अशुद्धच होती.

25 मे 1940ला आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची जीवघेणी मात्रा टोचली आणि त्यातल्या चौघांनाच पेनिसिलिन दिलं. रात्री पिंजऱ्यांपाशी थांबला तो हीटलीच. पहाटे साडेतीनच्या सुमारास औषध न मिळालेले चारही उंदीर मेलेले होते. बाकीचे चार जिवंत. 1941च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिलं. ताप उतरला, तो जेवू लागला आणि साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून ते पुन्हा त्यालाच टोचलं, तरी पुरलं नाही आणि मार्चमध्ये तो दगावला. औषध लागू पडत होतं, पण पुरेसं नव्हतं. ही अडचण सुटायला अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यातलं फुकट जाणारं पाणी, जास्त पेनिसिलिन देणारी खरबुजावरची बुरशी आणि मोठमोठ्या टाक्यांत ती वाढवायचं तंत्र, इतक्या गोष्टी जमून याव्या लागल्या. याला तुम्ही हमाली म्हणा. मला मात्र औषध म्हणून जे काही आहे ते सगळं त्या हमालीतच दिसतं.

आता इन्सुलिन. हा तुमचा सर्वांत चांगला मुद्दा. टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांचं काम 1921च्या मे महिन्यात सुरू झालं आणि 11 जानेवारी 1922ला मधुमेह झालेल्या चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, हे खरंच. पण त्या इंजेक्शनचं काय झालं? साखर जराशीच उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झालं. मग त्यांच्यासोबतच्या जेम्स कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने अल्कोहोलचं प्रमाण हळूहळू वाढवत स्वादुपिंडाच्या अर्कातली घाण आधी खाली बसवली आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास इन्सुलिन खाली बसतं हे हेरलं. 23 जानेवारीपासून ही शुद्ध केलेली मात्रा दिली, तेव्हा मुलगा सुधारू लागला. याच्या कितीतरी आधी बर्लिनमध्ये झ्यूल्झर नावाच्या डॉक्टरने स्वादुपिंडाचा अर्क रुग्णांना टोचून पाहिला होता. दुष्परिणामांपायी त्याला ते सोडावं लागलं. म्हणजे इथेही अडलं होतं ते शुद्धीकरणापाशीच.

राहिला चाचण्यांचा प्रश्न. इन्सुलिनला मोठी चाचणी लागली नाही, कारण त्या प्रकारच्या मधुमेहाची मुलं त्या काळी मरायचीच. एखादं मूल उठून बसलं, की आणखी पुरावा कशाला हवा? क्षयाचं तसं नव्हतं. क्षयाचे काही रुग्ण नुसत्या विश्रांतीनेही बरे होत. त्यामुळे जो कुणी जे काही देईल त्याला यश मिळाल्यासारखं वाटायचं. सोन्याचा एक क्षार क्षयावर कित्येक वर्षं टोचला जात होता. अखेर 1931 साली अमेरिकेत अँबरसन आणि सहकाऱ्यांनी नाणं उडवून रुग्णांचे दोन गट केले, तेव्हा दिसलं की फायदा काही नाही, त्रास मात्र भरपूर. तोवर ते टोचणारे डॉक्टर काही लबाड नव्हते. त्यांच्या डोळ्यांदेखत रुग्ण बरे होत होते!

म्हणून क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं तेव्हा ब्रिटनमध्ये संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद पाकिटांची व्यवस्था केली. कुणाला औषध आणि कुणाला फक्त विश्रांती, हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हतं. साठा तसाही सगळ्यांना पुरणारा नव्हता. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 जणांपैकी 4 दगावले, न मिळालेल्या 52 पैकी 14. शिवाय त्याच चाचणीत हेही कळलं, की बऱ्याच रुग्णांमधले जंतू या औषधाला पुरून उरायला लागले आहेत. त्यावरूनच क्षयाला एकाच वेळी दोन-तीन औषधं द्यायची पद्धत पुढे रुळली. घाईघाईने सगळ्यांना एकटं स्ट्रेप्टोमायसिन वाटलं असतं, तर हे आणखी उशिरा आणि जास्त जीव गमावून कळलं असतं.

चाचणीच न करता औषध विकायचा प्रयोगही झालेला आहे. 1937मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलमाइड हे जंतुसंसर्गावरचं चांगलं औषध पातळ स्वरूपात आणायला डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. चव, रंग, वास तपासला. विषारी आहे का ते तपासलं नाही. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यांत मुलं पुष्कळ. तेव्हाच्या कायद्यात त्या कंपनीला धरायला चुकीच्या लेबलापलीकडे काही सापडेना. औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवायला लावणारा 1938चा कायदा त्यानंतर आला.

किमतींबद्दलचा तुमचा राग मला पटतो. पण त्याचा धागा चाचण्यांपेक्षा पेटंटकडे जास्त जातो. इन्सुलिनचं पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. पेनिसिलिनचं पेटंट घ्यावं म्हणून चेन हट्ट धरून बसला होता. ब्रिटनच्या बड्या शास्त्रज्ञांनी ते अनैतिक ठरवलं आणि चेनची ती चिडचिड कायम राहिली. पुढे बुरशी वाढवायच्या पद्धतींवर पेटंटं घेतली ती अँड्र्यू मॉयरने, पिओरियात हीटली ज्याच्यासोबत काम करत होता त्याने. हीटलीचं नाव त्यांवर नाही. 1945च्या नोबेलमध्येही फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन एवढेच आहेत. ऑक्सफर्डने हीटलीला वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली ती 1990 साली. माझे चार परिच्छेद त्याच्या वाट्याला आले ते यामुळे.