‘स्टे बॅक किती?’ हा पहिला प्रश्न नव्हे

मास्टर्सच्या अर्जांचे दिवस आले की पुण्या-नाशिकहून फोन सुरू होतात. मी जर्मनीत राहतो म्हणून मला विचारतात आणि सुरुवात ठरलेली असते: ‘स्टे बॅक किती?’ म्हणजे शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला त्या देशात किती काळ राहता येतं. मग तुलना होते. आयर्लंडला मास्टर्सनंतर २ वर्षं, जर्मनीत १८ महिने, नेदरलँड्समध्ये १ वर्ष. ब्रिटनही २०२७ पासून मास्टर्सवाल्यांची २ वर्षं १८ महिन्यांवर आणतंय.

घरच्या चर्चेत दोनच सूर ऐकू येतात. ‘पोरं शिकायला कुठे जातात, राहायलाच जातात’ हा एक. ‘एवढा पैसा घेतात आणि हाकलून देतात’ हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत. इथली पदवी घेऊन नोकरी शोधणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्यात चोरीछुपं काही नाही. आणि जर्मनीचे १८ महिने कंजूषपणाचे नाहीत. त्या काळात पोटासाठी कुठलंही काम करता येतं. पदवीला साजेशी नोकरी लागली, तर इथल्या पदवीधराला त्यानंतर २ वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्जही करता येतो.

गोम आहे ती हे महिने कशात जातात यात. विद्यार्थ्याचा वास्तव्य परवाना बदलायचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट लागते आणि मोठ्या शहरांत ती महिनोन् महिने मिळत नाही. तोवर हातात असतं ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचं घडीचं कागदी पत्र, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता दाखला. त्यावर नेमक्या कुठल्या चौकोनात खूण आहे, यावर भारतात जाऊन परत येता येईल की नाही हे ठरतं. मुलाखतीत ते पत्र पाहून लहान कंपन्यांचे लोक बिचकतात. कुशल माणसं हवीत म्हणून जगभर सांगणाऱ्या देशाने आपली कार्यालयं अशी ठेवावीत, याचा मला मनापासून राग येतो. कारण १८ महिन्यांची ही मुदत वाढवून मिळत नाही.

दुसरा खड्डा भाषेचा. कोर्स इंग्रजीतून असतो, नोकरीच्या जाहिराती मात्र बहुतांशी जर्मनमध्ये. पदवी हातात आल्यावर बी-वनचा (जर्मनच्या मधल्या पातळीचा) क्लास लावणाऱ्या मुलांचं पहिलं अर्धं वर्ष त्यातच जातं. गावाकडचे कन्सल्टंट महिन्यांचा आकडा ठळक छापतात, भाषेचं मात्र तळाशी बारीक अक्षरात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायची तजवीज पालक वेळेत करतात. मुलांचा जर्मनचा क्लासही त्याच महिन्यात सुरू करा, आणि कन्सल्टंटला विचारा की त्या शहरात परवान्याची अपॉइंटमेंट किती दिवसांत मिळते.