‘तक्ते पाठ करून इंग्रजी येत नसतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्रजी उपसर्ग आणि त्यांचे अर्थ यांचा तक्ता मी ज्या लेखात दिला, त्याखाली तुम्ही परवा टाकलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : ‘इन’ म्हणजे नकार असं मी सरसकट लिहिलं, मग ‘इनफ्लेमेबल’चं काय? ‘प्रीपोन’ (म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं) हा शब्द उदाहरणाला घ्यायलाच नको होता. लेख लांबला. आणि शेवटी हे वाक्य : ‘असले तक्ते पाठ करून कुणाला इंग्रजी येत नसतं, ही मास्तरकी वर्गातच ठेवा.’

आधी तुमचं बरोबर आहे ते. ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न जळणारं नव्हे, झटकन पेट घेणारं. लॅटिनमध्ये नकाराचा ‘इन’ आहे तसा ‘आत’ या अर्थाचाही ‘इन’ आहे, आणि हा दुसरा. ‘इन्फ्लेट’मध्ये हवा आत भरतात, तिथलाही हाच. पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. या शब्दाने लोकांची फसगत होऊ नये म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकात ‘फ्लेमेबल’ वापरा, असा आग्रह धरला. ही ओळ तक्त्यात हवी होती, ती राहिली. मान्य.

पण एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते सोडून तुम्ही मास्तरकीवर आलात.

हो, मी मास्तर आहे. एकोणीस वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतोय, आणि हा शब्द तुम्ही ज्या सुरात वापरलात तो मला लागला. वर्गात काय चालतं हे न बघता वर्गाला नावं ठेवणं फार सोपं असतं. तुमच्या लिहिण्यावरून तुमचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं दिसतं. तसं असेल तर आनंद आहे, पण मग हा तक्ता तुमच्यासाठी नव्हताच.

माझ्या वेळी गावच्या जिल्हा परिषद शाळेत इंग्रजीची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. दहावीपर्यंतचं विज्ञान मराठीतून, आणि अकरावीला सायन्स घेतलं की एका दिवसात सगळं इंग्रजीत. पहिल्या चाचणीत जीवशास्त्रात मला पन्नासपैकी अकरा मिळाले. एकपेशीय, बहुपेशीय, विनॉक्सिश्वसन हे सगळं मला येत होतं, फक्त प्रश्नपत्रिकेत ओळखता येत नव्हतं. तेव्हा आमच्या सरांनी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून दिले. युनि म्हणजे एक, मल्टि म्हणजे बहु, अ‍ॅन म्हणजे विना, एंडो म्हणजे आत, एक्झो म्हणजे बाहेर. युनिसेल्युलर म्हणजे आपलं एकपेशीय! ते पान अजून माझ्याकडे आहे, घडीवर फाटलंय. तुम्ही ज्याला ‘असले तक्ते’ म्हणता ते हे.

आणखी एक सांगतो, कारण तुम्ही विषय इथवर आणलात. माझ्या आईला मधुमेह होता, इन्सुलिन चालू होतं. एका पहाटे तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. धाकटा भाऊ म्हणाला, साखर वाढली असणार, गोड काही देऊ नका. साखर तपासायचं मशिन तेव्हा घरात नव्हतं. मी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर हीच लक्षणं लिहिली होती आणि वर शब्द होता ‘हायपोग्लायसेमिया’. हायपर असता तर वाढलेली. हायपो म्हणजे कमी. मी पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून तिला घोट घोट पाजली आणि पंधरा मिनिटांत ती नीट बोलायला लागली. ‘पो’ आणि ‘पर’ यांतला फरक मला त्याच तक्त्याने शिकवला होता. ही मास्तरकी वर्गात ठेवली असती तर?

आणि पाठांतराबद्दल म्हणाल, तर मराठी माणसाला यात नवं काही शिकायचंच नसतं. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार : ‘हार’ तोच, उपसर्ग बदलला की जेवणाची मारामारी होते. ‘इन’ला ‘लीगल’ जोडलं की ‘इलीगल’ का होतं, हे वर्गात सांगताना मी फळ्यावर उत् अधिक लेख बरोबर उल्लेख एवढंच लिहितो. ‘पॉसिबल’आधी ‘इन’चा ‘इम’ का होतो? ‘संताप’ आणि ‘संपर्क’ मोठ्याने म्हणून बघा. ‘त’आधी अनुस्वाराचा न होतो, ‘प’आधी ओठ मिटतात आणि म होतो. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल असं मुलं हमखास लिहितात. त्यांना विचारतो, अमूल्य म्हणजे काय रे? मोल करता येणार नाही इतकं मोठं. ते पुन्हा चुकत नाहीत. सातवीपर्यंत इंग्रजीला घाबरलेलं पोर असं एकदा हसलं की पुढचा शब्द स्वतःहून फोडून बघतं. हे मी दर वर्षी डोळ्यांनी बघतो, तुम्ही एकदा तरी बघितलंय का?

‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. तो विषय संपला. लेख लांबला म्हणता, तर वाचायची सक्ती नव्हती.

‘इन’ची ओळ आज दुरुस्त केली आहे, ‘इनफ्लेमेबल’ वेगळ्या रकान्यात टाकलाय. बाकी तक्ता आहे तसाच राहील. आणखी चुका सापडल्या तर जरूर कळवा, फक्त माझ्या पेशाला मध्ये आणू नका.