ऑफन की यूज्वली, एकदाचं ठरवा बाबा

परत तीच वर्कशीट. भाचीची, इयत्ता पाचवी, इंग्रजीची. ‘वी डॅश ईट पोहे ऑन संडे.’ आता इंदूरच्या घरात हा काय प्रश्न झाला का, ऑलवेज लिही म्हटलं, तर उत्तर यूज्वली, आणि ऑफन लिहिलं असतं तरी लाल रेघच. का? तर म्हणे चार्ट बघा, कुठला शब्द किती टक्के वेळांसाठी ते त्यात दिलंय. एका चार्टात यूज्वली 90 टक्के, दुसऱ्यात 80, आणि समटाइम्स कुठे 50 तर कुठे 30, म्हणजे सराफ्यात रात्री खायला महिन्यातून दोनदा गेलो तर ते ऑफन की ऑकेजनली हे कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं का मी?

आपल्याकडे कसं, ‘अधूनमधून’ म्हटलं की विषय संपला. यांचं रेअरली वेगळं, सेल्डम वेगळं (हे कोणी बोलताना ऐकलंय का हो?), आणि हार्डली एव्हर तर कहरच, त्यात नकार आधीच बसलेला असतो, आपण सवयीने अजून एक नॉट घुसवतो की पडली रेघ. शब्द बरोबर निघाला तर जागा चुकते, ‘आय ऑफन गो’ मध्ये क्रियापदाच्या आधी पण ‘आय ॲम ऑफन लेट’ मध्ये ॲमच्या नंतर.

आणि बायवीकली! आठवड्यातून दोनदा पण तेच, दोन आठवड्यांतून एकदा पण तेच. डिक्शनरीत दोन्ही अर्थ दिलेत चक्क. ऑफिसात त्यावरून माझी मीटिंग हुकली ते वेगळंच.

भाची विचारतेय, मामा तू होमवर्कला चिडतोस ते ऑफन की ऑलवेज?