तेरवीनंतर

दोन वर्षांपूर्वी, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, माझ्या चुलतभावानं जीव दिला. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही, वहिनीनं लोकांचं आधीच पुरेसं ऐकून घेतलंय.

त्या दिवसापासून तिला सगळ्यांनी एकच विचारलं, "काहून केलं असंन?" पंचनाम्याला आलेल्या पोलिसानं विचारलं, तलाठ्यानं विचारलं, मग माहेरच्यांनी, मग भेटायला आलेल्या बायांनी. "घरात काही झालं होतं का?" हे त्याचंच जरा सभ्य रूप. जे कोडं तिला स्वतःला रात्रभर झोपू देत नाही, त्याचं उत्तर तिनं चहा देता देता प्रत्येकाला द्यायचं!

सरकारी मदतीची तऱ्हाही तीच. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, पण नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा हे कारण कागदावर सिद्ध व्हावं लागतं. कर्जही बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं हवं. दादानं घेतले होते ओळखीच्याकडून, तोंडी. शेरा आला: अपात्र. वहिनी म्हणाली, "भाऊजी, मरनं बी नापास होते का?"

पैशाच्या नियमावर वेगळं भांडू. पण मनाचा आधार तरी या चाळणीत अडकू नये. शेतकरी साहेबराव करपे चिलगव्हाणचे, याच जिल्ह्यातले. १९८६ साली त्यांनी कुटुंबासह जीव दिला, तेव्हापासून आपण गेलेल्यांचे आकडे मोजतोय. २०२२ मध्ये महाराष्ट्रात, फक्त शेतकऱ्यांच्याच नव्हे तर सगळ्या मिळून, २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वांत जास्त. मागं राहिलेल्यांसाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. आमच्याकडे तेरवी झाली, मांडव निघाला आणि माणसं यायची थांबली. खरं तर वहिनीला माणूस लागत होतं ते त्यानंतर.

आठ महिन्यांनी एकदा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले त्यायचा लय राग येते." आणि लगेच दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. दुःख दाखवायची मुभा आहे, रागाची नाही. त्या सकाळी मी वावरात गेलेच नसते तर, आदल्या रात्री भांडले नसते तर, हे सगळं तिच्या डोक्यात एकीकडे चालूच. मी समजावायला तोंड उघडलं आणि बंद केलं. "तुझी काही चूक नाही" हे वाक्य तिला तोवर शंभरदा ऐकवून झालं होतं, उपयोग शून्य.

टेली-मानस या मनाच्या आधारासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मीच तिच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. पहिल्या वेळी ती नुसती रडली. नंतर मला म्हणाली, "त्या बाईनं काहून म्हून नाही इचारलं." कुणी पहिल्यांदाच नव्हतं विचारलं.

आणखी एक. घरात दादाचं नावच कुणी घेईना. पोराच्या शाळेतही, घरीही, जणू तो कधी नव्हताच. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू. यंदा पोळ्याला मात्र पोराला म्हटलं, तुझा बाप शिंगं रंगवताना अर्धा रंग स्वतःच्याच बनियनला लावायचा. पोरगं आधी गप्प. मग म्हणालं, "अन् एकदा माह्या नाकाले लावला होता, निळा."

वहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "निळा नाही, हिरवा."